गेटच्या आतली माणसं

वार्षिक अहवाल हातात आला की बहुतेक जण ताळेबंद उघडतात. मी आधी सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची, पानं बघते आणि त्यानंतर लगेच कर्मचाऱ्यांची. सीएसआरच्या पानांवर रंगीत फोटो असतात: नवे बाक मिळालेली शाळा, फिरता दवाखाना, पाण्यानं भरलेलं शेततळं. कर्मचाऱ्यांच्या पानांवर बारीक अक्षरांतले तक्ते. त्या फोटोंबद्दल माझ्या मनात जराही आकस नाही. त्या शाळेत बाक खरंच नव्हते, तो दवाखाना खरंच आडबाजूच्या वस्त्यांवर जातो, आणि मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्या माणसांना खरंच दिसायला लागतं. असे खर्च मी तपासलेत, पावत्या पाहिल्यात. पण वर्षानुवर्षं लेखा विभागात काम करताना एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या टेबलावर सीएसआरचे प्रस्ताव येतात त्याच टेबलावर ठेकेदारांची बिलंही येतात, आणि या दोन फायलींना मिळणारी वागणूक फार वेगळी असते.

सीएसआरच्या फायलीला मुदत असते. आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे खर्च झाले पाहिजेत. न झाल्यास ते कायद्यानं ठरवून दिलेल्या खात्यात किंवा निधीत भरावे लागतात. म्हणून मार्च जवळ आला की त्या फायली हातोहात फिरतात. संचालक मंडळाची समिती बसते, सह्या होतात. ठेकेदाराच्या बिलाला अशी घाई कुणालाच नसते. ते बिल सफाईचं असतं, सुरक्षारक्षकांचं असतं, मालाची चढउतार करणाऱ्यांचं असतं. म्हणजे खरं तर ते पगाराचं बिल असतं. पण आमच्या संगणकात त्याचं नाव ‘मनुष्यबळ पुरवठा’ असं आहे, आणि ते स्टेशनरीच्या, दुरुस्तीच्या, भाड्याच्या गाड्यांच्या बिलांबरोबर एकाच रांगेत उभं राहतं.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नं सीएसआर बंधनकारक केलं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्याच्या नियमांतली एक तरतूद बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. कंपनीनं स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. तो नसता तर कारखान्यातलं उपाहारगृह, पाळणाघर, कामगारांची आरोग्य तपासणी असं जे जे मुळातच देणं आहे, ते सगळं समाजसेवेच्या खात्यावर चढलं असतं. कायदा सांगतो की गेटच्या आतल्या माणसाचं जे आहे ते त्याला द्याच, आणि त्यावर समाजासाठी काही करा.

प्रत्यक्षात मात्र दोन वेगळी खाती झाली की दोन वेगळ्या वृत्तीही तयार होतात. बाहेरच्या खर्चाला ‘गुंतवणूक’ म्हणतात, आतल्या खर्चाला ‘ओव्हरहेड’. बाहेरचा खर्च किती वाढला याचं कौतुक होतं आणि आतला किती कमी केला याचं. एकाच बैठकीत, एकाच तोंडून, या दोन्ही गोष्टी मी ऐकल्या आहेत, आणि बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर ठेवलेली दोन उद्दिष्टं तशी होती.

पगाराच्या तारखेपाशी मी जरा थांबते, कारण माझं काम तिथलं आहे.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानं साधी गोष्ट ठरवली. हजारापेक्षा कमी माणसं असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, जास्त असतील तर १० तारखेच्या आत. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेत ७ तारीख सगळ्यांनाच लागू आहे. कायम कामगारांच्या बाबतीत बहुतेक चांगल्या कंपन्या हे कसोशीनं पाळतात. आता ठेक्यावरच्या माणसाचा पगार कसा होतो ते बघा. महिना संपला की ठेकेदार हजेरीपट म्हणजे मस्टर तयार करतो. ज्या विभागात माणसं काम करतात तिथला अधिकारी ते तपासून सही करतो. मग आधीच्या महिन्याची पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) यांची चलनं जोडून, पगारपत्रक लावून बिल येतं. ते विभागातून प्रशासनाकडे, प्रशासनाकडून आमच्याकडे. आमच्याकडे आल्यावर करारातली मुदत सुरू होते: कुठे तीस दिवस, कुठे पंचेचाळीस, कुठे साठ. ठेकेदार सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. समजा ४५ व्या दिवशी पैसे सोडले. कायदा पाळला गेला, आमच्याकडे काहीच थकलं नाही. पण झाडू मारणाऱ्या बाईचा पगार ७ तारखेला व्हायला हवा होता. मधल्या दिवसांचा भार ठेकेदारानं स्वतःच्या भांडवलातून उचलायचा, असं गृहीत धरलेलं असतं.

ते भांडवल त्याच्याकडे नसतं, हे त्याचं दरपत्रक पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. किमान वेतन आणि त्यावरची वर्गणी यांत कुणालाच हात घालता येत नाही, त्यामुळे सगळी स्पर्धा सेवाशुल्कावर, म्हणजे ठेकेदार स्वतःसाठी घेतो त्या रकमेवर, होते. सेवाशुल्क खाली खाली येत इतकं उतरतं की त्यातून गणवेश, सुपरवायझर आणि कार्यालयाचा खर्चही निघणं मुश्कील. अशा माणसाला आम्ही ठेका देतो, आणि मग दोन महिन्यांचे पगार त्यानं खिशातून द्यावेत अशी अपेक्षा ठेवतो.

एकदा महिन्याचा तिसरा आठवडा चालू होता. आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातातलं फडकं त्यांनी पाठीमागे धरलं होतं.

“मॅडम, आमचं बिल निघालं का हो?”

“बिलाचं तुम्हाला कुणी सांगितलं मावशी?”

“सुपरवायझर म्हणतो, कंपनीनं पैसे सोडले नाहीत म्हणून पगार नाही. कंपनी म्हणजे तुम्हीच ना?”

मी शोधलं. बिल प्रशासन विभागात पडून होतं. वर्क ऑर्डरची मुदत मागच्या महिन्यात संपली होती, आणि नव्या ऑर्डरवर एक सही व्हायची होती. ती सही करणाऱ्या साहेबांना या सहीसाठी बारा बायकांचे पगार थांबलेत याची कल्पनाही नव्हती. त्यांच्यापुढे आलेल्या कागदावर माणसं नव्हतीच, फक्त रक्कम होती आणि विक्रेत्याचा क्रमांक होता. मी फाईल घेऊन त्यांच्याकडे गेले, काय अडलंय ते सांगितलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. पण त्या बारा जणींपैकी कुणी विचारायलाच आलं नसतं तर? बहुतेक जण येत नाहीत. कंपनीला जाब विचारणारी बाई पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या साइटवर गेलेली असते, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

‘कंपनी म्हणजे तुम्हीच ना’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं फार पूर्वी दिलेलं आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठरवलं की ठेकेदारानं पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या श्रम संहितेतही ती कायम आहे. मालकानं आधी कामगाराला पैसे द्यायचे आणि मग ते ठेकेदाराकडून वसूल करायचे.

वेळेवर पगार ही मागणी किती जुनी आहे! १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची पूर्ण सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती: पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जबर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण वेतन द्यावं, असंही त्यात होतं. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. गिरणीमालकांत दानधर्म करणारे लोक तेव्हाही होते, पण कामगारांना सुट्टी मिळाली ती त्यांनी मागितली म्हणून. ही मागणी करणारा माणूस स्वतः गिरणीत नोकरी केलेला होता, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

दानशूरपणा आणि न्याय यांच्यातली दरी समजून घ्यायची तर मला नेहमी अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी आठवतात. त्यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. श्रीमंतानं आपली संपत्ती जिवंतपणीच लोकांसाठी वापरावी, हा विचार त्यांनी १८८९ साली मांडला आणि पुष्कळसा आचरणातही आणला. त्याच कार्नेगींच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ साली वेतनकपातीवरून आणि कामगार संघटनेच्या अस्तित्वावरून संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. कारभार हेन्री फ्रिक यांच्या हाती होता. त्यांनी कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, कामगारांना बाहेर काढलं आणि पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेची सुमारे तीनशे सशस्त्र माणसं बोटींतून नदीमार्गे आणली. ६ जुलैला गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. पुढे राज्याचं सैन्य आलं आणि संघटना मोडली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच वस्तीत कार्नेगींचं देखणं ग्रंथालय उघडलं. कारखान्यात तोवर बारा बारा तासांच्या पाळ्या रूढ झाल्या होत्या. भट्टीसमोर बारा तास उभा राहिलेला माणूस पुस्तक कधी वाचणार? ग्रंथालय खरं होतं, उत्तम होतं, तिथे पुढच्या पिढ्या शिकल्याही असतील. पण त्या कामगाराला आधी दोन गोष्टी हव्या होत्या, वाचायला उरलेला वेळ आणि आपलं म्हणणं मांडायला संघटना. त्या दोन्ही त्याच्याकडून काढून घेतल्या होत्या.

उलट उदाहरणंही आहेत. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्या चालवणाऱ्या रॉबर्ट ओवेन यांनी दहा वर्षांखालची मुलं कामाला घेणं बंद केलं आणि त्यांच्यासाठी शाळा काढली. अमेरिकेतून येणारा कापूस थांबला आणि गिरण्या बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा चार महिने त्यांनी कामगारांना पूर्ण वेतन दिलं. आपल्याकडे टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, कायद्यानं तो सक्तीचा होण्याच्या कितीतरी आधी. हे मालक मला आदरणीय वाटतात. तरी चांगला मालक मिळणं हा नशिबाचा भाग झाला, आणि माणसाच्या आयुष्याची व्यवस्था नशिबावर सोपवता येत नाही.

हेन्री फोर्डनं जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर वेतन जाहीर केलं, ते फार गाजलं. त्याचं कारण हिशोबी होतं. आदल्या वर्षी त्याच्या कारखान्यात माणसं सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार वेळा नवा माणूस भरावा लागत होता. दुप्पट पगार देऊनही ते परवडलं. हा दाखला व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास येतो. मात्र त्या पाच डॉलरांतली निम्मी रक्कम नफ्यातला वाटा म्हणून अटींवर मिळायची, हे सहसा सांगत नाहीत. कंपनीच्या ‘समाजशास्त्र विभागा’ची माणसं कामगारांच्या घरी जायची, घर स्वच्छ आहे का, नवरा दारू पितो का, पैसे साठवतो का हे बघायची. पगार वाढला, पण मालकाची नजर थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचली. माणसाचं पोट भरूनही त्याचा मान काढून घेता येतो, हे मला त्या विभागाबद्दल वाचून उमगलं.

मानाचा विषय निघालाच आहे तर सीएसआरच्या स्वयंसेवा दिवसांबद्दल सांगते. कल्पना सुंदर आहे: कर्मचाऱ्यांनी वर्षातून एखादा दिवस समाजासाठी द्यायचा. पण बऱ्याच ठिकाणी हा दिवस नेमका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवतात. आदल्या दिवशी कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट वाटतात, बसची वेळ कळवतात, आणि ‘ऐच्छिक’ असं लिहिलेल्या मेलच्या तळाशी विभागवार उपस्थितीचा तक्ता मागतात. घरी तान्हं मूल असलेली मुलगी येते, आठवडाभर रात्रपाळी केलेला मुलगा येतो, कारण मूल्यमापन तोंडावर आलेलं असतं. झाडं लागतात, फोटो निघतात. ज्या सुट्टीसाठी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षं झगडा केला, ती अशी अलगद काढून घेतली जाते, तीही चांगल्या कामाच्या नावानं. हाच कार्यक्रम कामाच्या दिवशी, भरपगारी ठेवला तर येणारा माणूस मनापासून येईल.

आणि मग प्रमाणपत्रं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार मेले. अनेकांना बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. कामगारांना चांगल्या वागणुकीची हमी देणारं एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं. त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साव्हारमध्ये आठमजली राणा प्लाझा कोसळला; ११३४ जण गेले. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, तिथली माणसं वाचली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. आत जायला त्यांची तयारी नव्हती, आणि ‘नाही’ म्हणायची सोयही नव्हती. हे वाचताना माझा जीव अजूनही गोळा होतो. तडे सगळ्यांना दिसत होते. त्या इमारतीत तपासनीस कमी पडले नाहीत. कामगाराच्या नकाराला काही किंमत असायला हवी होती, ती नव्हती.

त्या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये अनेक ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बांगलादेशच्या कारखान्यांविषयी करार झाला. मला त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, तो कायद्यानं बांधील होता, सदिच्छेवर सोडलेला नव्हता. दुसरी, धोकादायक काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य केलेला होता. पुढे जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगारांचा मूलभूत हक्क म्हणून स्वीकारला.

सीएसआरचं काम करणाऱ्या तरुण मंडळींना मी संयुक्त राष्ट्रांची २०११ ची व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आवर्जून वाचायला सांगते. त्यातलं अकरावं तत्त्व कंपन्यांनी मानवी हक्कांचा आदर राखावा असं सांगतं, आणि त्यावरच्या टिपणीत स्पष्ट केलंय की एखादी कंपनी इतरत्र कितीही चांगली कामं करत असली तरी स्वतःच्या कामकाजात हक्कांचा आदर न राखल्याची भरपाई त्यातून होत नाही. हिशोबाच्या माणसाला हे लगेच कळतं. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या देण्यासमोर वळती करता येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये लिहिलं होतं की, व्यवसायाची सामाजिक जबाबदारी म्हणजे नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणं. समाजसेवेसाठी भागधारकांचे पैसे खर्चण्याचा अधिकार व्यवस्थापकाला कुणी दिला, हा त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण तो प्रश्न गेटच्या बाहेरच्या खर्चाला लागू पडतो. सफाई कामगाराचा महिन्याभराच्या कामाचा पगार भागधारकांच्या मालकीचा कधी झाला? माणसांना नीट वागवलं की उत्पादकता वाढते, असं सांगून कंपन्यांचं मन वळवणारेही पुष्कळ आहेत. कधी वाढतेही. मला तो युक्तिवाद नेहमी थोडा धोक्याचा वाटतो, कारण ज्या महिन्यात उत्पादकता वाढणार नाही त्या महिन्यात काय करायचं?

आता बैठकांमध्ये माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. ठेकेदाराच्या बिलाचे दोन भाग करा. वेतन, पीएफ, ईएसआयसी यांचा एक भाग. तो मस्टरवर सही झाली की चार दिवसांत सोडायचा. सेवाशुल्क, साहित्य, यंत्रं यांचा दुसरा भाग. तो हवं तर करारातल्या मुदतीनुसार द्या. खरेदी विभागाचं म्हणणं असतं की ठेकेदारानं करारावर सही केलेली आहे, पगार वेळेवर द्यायचा ही त्याची अट आहे, त्याचं ओझं आपण का घ्यायचं? मी त्यांना त्याच ठेकेदाराचं दरपत्रक काढून दाखवते आणि विचारते, या सेवाशुल्कात दोन महिन्यांचे पगार आगाऊ देईल असं वाटतंय का तुम्हाला? त्यावर उत्तर येत नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या देशातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमानुसार व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि कायम नसलेल्या माणसांची संख्या वेगवेगळी असते. किमान वेतन, मध्यम वेतन, अपघात आणि तक्रारी यांचेही तक्ते असतात. मी ती पानं बारकाईनं वाचते ती याच कारणासाठी. त्यात कंपन्यांनी आपणहून एक ओळ वाढवावी, असं मला फार वाटतं: वर्षातल्या बारा महिन्यांपैकी किती महिने ठेक्यावरच्या सगळ्या माणसांचा पगार ठरलेल्या तारखेच्या आत झाला. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारायला नको. आधीच्या महिन्याचा पगार बँकेत जमा झाल्याची यादी, तारखेसकट, प्रत्येक बिलाला जोडलेली असते. ती आमच्या विभागातच आहे.